अर्थ सांगायची पाळी

माझा धंदा म्हणजे दुसऱ्याचे विचार तिसऱ्याला सांगणं. त्याचा पगार मिळतो आणि दारावरच्या पाटीवर त्याला सहायक प्राध्यापक, मराठी, असं लिहिलेलं आहे. राहतो परतूरला, गाव धावडा, भोकरदन तालुका. परतूरला मी 'सर'. धावड्यात मला कोणी सर म्हणत नाही, तिथं मी 'अर्थवाल्याचा पुतण्या'. या दुसऱ्या पदवीचा मला कित्येक वर्षं राग होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे केलं ते समजायला सोपं जाईल.

अर्थवाले म्हणजे माझे काका, वडलांचे भाऊ. शाळा तिसरीपर्यंत. आमच्या गावात श्रावणात मारुतीच्या देवळात महिनाभर पोथी लागते. दुपारी चारला सुरू, सहाला आरती. पोथी वाचतो एक जण आणि अर्थ सांगतो दुसरा. वाचणारे रिटायर पोस्टमन. आवाज खणखणीत, पण ओव्या अशा वाचतात की जणू टपाल वाटून राह्यलेत. पाकिटात काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. चार-पाच ओव्या झाल्या की ते थांबतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि काकांकडं पाहतात. मग काका सांगतात.

काकांचा अर्थ कसा असायचा त्याचा एक नमुना देतो. एका वर्षी पोथीत कुठला तरी राजा नदी अडवून बसला होता. त्याच वर्षी गावातल्या एका सामाईक विहिरीवर एक जण मोटारीची चावी खिशात घालून फिरत होता आणि खालच्या भावाला त्याच्या पाळीचं पाणी मिळत नव्हतं. काका म्हणाले, "राजा म्हंजे मुकुटवालाच आसतो का? ज्याच्या खिशात चावी त्यो राजा. अन् खाली ज्याची पाळी, त्याचं वावर सुकून राह्यलं. आसं पाणी पेलं तं सात पिढ्या तहान जात न्हाई, आसं पोथीत म्हणलंय." पोथीत असं काहीच म्हटलेलं नव्हतं. पण काकांनी कोणाचं नाव घेतलं नाही, कोणाकडं पाहिलंही नाही. खांबाला टेकून बसलेला एक माणूस मात्र तेवढ्यात धोतराचा सोगा झटकायला लागला. तिसऱ्या दिवशी पाणी खाली सुटलं.

गावाचा नियमच होता. पोथीत जे निघालं ते पोळ्याच्या आत मिटवायचं, आणि मिटलं की पुन्हा त्यावर कोणी शब्द काढायचा नाही. पोळ्याच्या दिवशी ज्याचं निघालं आणि ज्याच्यासाठी निघालं ते दोघं एकमेकांच्या घरी पुरणपोळी खायचे. ना वकील, ना तहसील. लहानपणापासून हे पाहत आलो, त्यामुळं त्यात काही विशेष आहे हे मला कधी वाटलंच नाही. घरकी मुर्गी दाल बराबर.

आता सिद्धांताकडं येतो. अर्थ मजकुरात भरून ठेवलेला नसतो, वाचणारा तो घडवतो, लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते विचारू नका, असा साधारण तो विचार. निघाला कुठल्या तरी जर्मन नाहीतर फ्रेंच डोक्यातून. तिथं त्यांचं काहीतरी भांडण असणार. एखादा म्हातारा प्रोफेसर 'मी सांगतो तोच अर्थ' म्हणून सगळ्यांच्या उरावर बसला असणार आणि त्याला उठवायला पोरांनी ही युक्ती काढली असणार. ते भांडण तिथंच राहिलं. विचार तेवढा इंग्रजीत गेला, इंग्रजीतून हिंदीत, हिंदीतून पुण्याच्या एका पुस्तकात, आणि त्या पुस्तकाची पहिली तीस पानं वाचून माझ्या नोट्समध्ये. थोरल्याची पँट मधल्याला, मधल्याची धाकट्याला, तसं. माझ्यापर्यंत आली तेव्हा तिची चड्डी झाली होती. मी ती इस्त्री करून घातली आणि वर्गात मिरवली. नोट्समध्ये मी लिहिलं होतं, 'लेखकाला काय म्हणायचे होते हा प्रश्न गैरलागू.' त्याखाली रेघ, आणि कंसात 'पाच गुण'. पोरं एवढं बरोबर पाठ करायची.

मग कॉलेजात राष्ट्रीय चर्चासत्र निघालं. मूल्यांकन समिती येणार होती आणि फायलीत असं काहीतरी लागतं. राष्ट्रीय म्हणजे मंचावर एक माणूस परराज्यातला पाहिजे. तो सीमेपलीकडच्या जवळच्याच गावातून आला, आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलला, आणि आम्ही राष्ट्र झालो. प्राचार्यांनी प्रत्येकाला पेपर लिहायला लावला. माझ्याकडं लिहायला काय होतं? बसलो विचार करत, आणि काका आठवले.

आठ पानं लिहिली. पोस्टमनचा चष्मा, मोटारीची चावी, पोळ्याची पुरणपोळी, सगळं. आयुष्यात बरी म्हणावीत अशी मी तेवढीच आठ पानं लिहिली. ती पुण्याच्या एका मोठ्या समीक्षकांकडं पाठवली, तेच बीजभाषणाला येणार होते. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"छान आहे, पण यात संघर्ष कुठंय? हे तुमचे काका नेमका कोणाचा आवाज दाबतात?"

"कोणाचाच नाही, सर. उलट ज्याला बोलता येत नाही त्याचंच..."

"असं होत नाही. मध्यस्थ आला की सत्ता आली. सिद्धांत तेच सांगतो. आणि ते पाण्याचं, विहिरीचं काढून टाका. ते समाजशास्त्रात जातं."

मी काढून टाकलं. विहीर गेली, चावी गेली, पोळा गेला. काका उरले, पण आता ते काका नव्हते, 'अर्थाचा मध्यस्थ' होते. निष्कर्षात काहीतरी मोडल्याशिवाय पेपरला वजन येत नाही, म्हणून लिहिलं: 'अर्थ सांगणारा हा मक्तेदार आहे. त्याला हटवून अर्थ प्रत्येक वाचकाच्या हाती परत दिला पाहिजे.' लिहिताना मनातून बरं वाटलं, हेही कबूल करतो. अर्थवाल्याचा पुतण्या म्हणवून घेऊन घेऊन मी कंटाळलो होतो.

चर्चासत्रात टाळ्या पडल्या. समीक्षक म्हणाले, "हा खरा तळागाळातला आवाज." नंतर जेवणात वांग्याची भाजी खारट झाल्याची चर्चा माझ्या पेपरपेक्षा जास्त वेळ चालली. चार महिन्यांनी लाल कव्हराचं पुस्तक छापून आलं. मी पाच प्रती घेतल्या आणि एक माझ्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला सही करून दिली. पोरगा हुशार, आमच्याच गावचा. बाप माजी सरपंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता वहिनींचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. आमच्या भावकीतल्या या वहिनी. नवरा वारला, दीड एकर वावर, त्यात मिरची. शेजारी माजी सरपंचाचं वावर. दर वर्षी नांगरट आली की त्याचा ट्रॅक्टर बांधाला फाळ लावायचा आणि नांगराच्या एक-दोन ओळी इकडं सरकायचा. बांधावर एक बोर होती, बोरांचं जुनं झाड. तीन वर्षांत बांध इतका कोरला गेला की ती बोर आता माजी सरपंचाच्या वावरात आतमध्ये उभी होती. मोजणीचा अर्ज दिलेला, तारीख लागलेली नाही. वहिनी बोलायला गेल्या तर माजी सरपंच म्हणाला, "बोर चालत आली आसंल." आणि त्याच्या ओट्यावर बसलेले चार रिकामटेकडे हसले.

आषाढात मी घरी गेल्तो तेव्हा त्या काकांकडं आल्या होत्या. उंबऱ्याशी बसल्या. "काका, औंदा तरी माह्या बांधाचं निघंल का पोथीत?"

काका सुपारी कातरत म्हणाले, "गाय पळवायचा अध्याय शेवटच्या हप्त्यात हाय. धीर धर. बिलकुल निघंल."

वहिनींचा चेहरा एवढा मोकळा झाला की मला अजून तो दिसतो. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

श्रावणातला दुसरा रविवार. मी गावात होतो, देवळात पुढंच बसलो होतो. पोस्टमननी चार ओव्या वाचल्या, चष्मा वर ढकलला. काकांनी घसा साफ केला. तेवढ्यात माझा विद्यार्थी उठून उभा राहिला. हातात लाल कव्हर.

"एक मिनिट, काका. मला काही वाचायचंय." आणि त्यानं माझा निष्कर्ष वाचला, स्पष्ट, शुद्ध, जसा मी त्याला वाचायला शिकवला होता तसा. मक्तेदार. हटवून. प्रत्येकाच्या हाती. मग म्हणाला, "हे मी म्हणत न्हाई. काकांचे पुतणे, आमचे सर म्हणतात. सही हाय त्यांची."

सगळं देऊळ माझ्याकडं वळलं. काकांनी विचारलं, "तू लिव्हलं हे?"

"लिहिलं, काका. पण त्याचा अर्थ तसा नाही."

पोरगा फार अदबीनं म्हणाला, "सर, लेखकाला काय म्हणायचं होतं हा प्रश्न गैरलागू. पाच मार्काला हाय."

लोक हसले. अन् मीही हसलो! काय करणार, हसलो. शिक्षक म्हणून अभिमान वाटावा की जमिनीनं पोटात घ्यावं, तेच कळेना. त्यानं इतकं अचूक उत्तर परीक्षेत कधी लिहिलं नव्हतं.

काका काही रागावले नाहीत. "बराबर हाय," म्हणाले. "अर्थाच्या सातबाऱ्यावर काय माहं नाव न्हाई लावलेलं. घ्या बाबा." आपलं बसकर उचललं आणि खांबापाशी जाऊन बसले. चाळीस श्रावण बसलेला माणूस दोन मिनिटांत उठला. मी 'काका, थांबा' एवढंसुद्धा म्हणालो नाही. बापाशेजारी पोरगा बसला तेव्हा बापानं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली, ती मी पाहिली.

मग पाळ्या लागल्या. माजी सरपंच म्हणाला, लोकशाही हाय, रोज एकानं अर्थ सांगायचा. कागदावर नावं लिहून कागद भिंतीला डकवला. गावाला अशी हौस आली की विचारू नका. खताच्या दुकानदाराची पाळी आली आणि नेमका तो नदी अडवणारा राजा आला. दुकानदार म्हणाला, राजानं नदी अडवली म्हणजे जलसंधारण केलं, आपणही शेततळी घ्यावीत. विम्याच्या एजंटानं सांगितलं की आयुष्याचा भरवसा नाही हेच पोथीचं सार, आणि जाताना कार्डं वाटली. झेडपीच्या एका गुरुजींनी राक्षसिणीकडून सकारात्मक दृष्टिकोन शिकायला लावला. सगळे खूश! धोतराचा सोगा झटकायची कोणावर पाळी येईना. पोथीला एवढी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. ज्या अर्थानं कोणाच्या अंगाला काही लागत नाही त्याला गर्दी व्हायचीच.

मी पुण्याला फोन करून समीक्षकांना सांगितलं, सर, असं असं झालंय. मला वाटलं ते हळहळतील. ते म्हणाले, "वा! सिद्धांत प्रत्यक्षात उतरला. यावर दुसरा पेपर होतो." मी बरं म्हणून फोन ठेवला. तेव्हा मला त्यांचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त आला. तरी दुसऱ्या पेपरचं शीर्षक मनात जुळत होतं, हा माझा निर्लज्जपणा.

शेवटच्या हप्त्यात गाय पळवायचा अध्याय आला. पाळी कोणाची? माझ्या विद्यार्थ्याची. तो योगायोग नव्हता, कागद त्याच्याच अक्षरात होता. मी रजा टाकून गेल्तो. वहिनी एरवी बायकांत मागं बसत, त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं येऊन बसल्या. अंगावर धुवट हिरवं लुगडं, हात मांडीवर घट्ट धरलेले. पोस्टमननी वाचलं: राक्षसानं ऋषीची गाय पळवली, ऋषीनं साऱ्या देवांची दारं ठोठावली.

पोरगा उठला. "आता राक्षस म्हणजे कोण? राक्षस म्हणजे आपल्याच मनातला विकार. त्याला बाहेर शोधायचं नसतं. ज्याचं त्यानं आत पाहावं." बाप डोळे मिटून मान डोलवत होता. इतका भक्तिभाव त्याच्या तोंडावर मी निवडणुकीतही पाहिला नव्हता. लोकही माना डोलवायला लागले. मी खांबाकडं पाहिलं. काका जमिनीकडं पाहत होते.

वहिनी म्हणाल्या, "म्या सांगू का?"

बायकांच्या बाजूनं अर्थ कधी कोणी सांगितला नव्हता, काकांच्या काळातही नाही. समीक्षकांनी कोणाचा आवाज दबतोय विचारलं होतं, त्याचं उत्तर तिथं पाठीमागं चाळीस वर्षं बसलेलं होतं आणि ते मला दिसलं नव्हतं. हेही लिहून ठेवतो.

पोरगा म्हणाला, "काकू, पाळीत तुमचं नाव न्हाई."

"नाव कशाला लागतं? जो ऐकल त्याचा अर्थ बराबर, आसं तुमीच वाचलं ना पुस्तकातून? मंग माहा बी हाय." त्या उभ्या राहिल्या. पदर खोचला. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "राक्षस मनातबिनात न्हाई. त्यो ट्रॅक्टरवर बसतो. त्यानं गाय न्हाई नेली. त्यानं..."

"चला चला, टाइम झाला, आरती घ्या!" माजी सरपंच उठला. पावणेसहाही झाले नव्हते. कोणी घंटा ओढली, कोणी शंख तोंडाला लावला. सगळे एकदम उभे राहिले. पोरगा माझ्याजवळ आला आणि टाळांची जोडी माझ्या हातात दिली. "सर, घ्या."

मी घेतली. समोर देव, आजूबाजूला गाव, सगळे माझ्याकडं पाहतायत, सर काय करतात. सर टाळ वाजवायला लागले. बेताल वाजवले असते तरी चाललं असतं, पण मी तालात वाजवले, चांगले जोरात.

वहिनी बसल्या नाहीत. त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. एक हात लांब करून त्या वावराच्या दिशेला काहीतरी दाखवत होत्या. दोन बायका त्यांना खाली ओढत होत्या. तेवढ्यात काका खांबापासून उठले. आरतीकडं पाठ केली, गर्दीतून वाट काढत बायकांच्या बाजूला गेले आणि वहिनींच्या पुढ्यात मांडी घालून बसले. हात कानामागं धरला. आरती संपेपर्यंत तसेच बसून होते. देवळात आरतीकडं पाठ केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पोळा आला. मी सकाळच्या गाडीनं धावड्याला गेलो आणि आधी वावराकडं चक्कर मारली. बोर जिथल्या तिथं, म्हणजे त्याच्याच वावरात होती. माजी सरपंचाच्या दारात ट्रॅक्टरला हार घातला होता. मला वरचा ग्रेड मिळाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. पेपरचे गुण त्यात धरले होते. पेढे नेले होते, ते पिशवीतून बाहेर काढायची हिंमत होईना.

काका ओट्यावर बैलांच्या शिंगांना रंग देत बसले होते. माझ्याशी नेहमीसारखंच बोलले, पोराबाळांचं विचारलं. याचाच मला जास्त त्रास झाला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी न राहवून विचारलं, "काका, त्या दिवशी वहिनींनी काय अर्थ सांगितला?"

काकांनी ब्रश डब्यात बुडवला, शिंगावर एक पट्टा ओढला.

"चांगला सांगितला. माह्याहून चांगला. नाव घीऊन सांगितला." मग माझ्याकडं पाहिलं. "तुला कसा यील ऐकू? टाळ तं तूच कुटून राह्यला व्हता."